टाके काढण्याचा व्यवसाय

सिस्टरनं इस्पितळातली नोकरी सोडली आणि घरात सगळ्यात आधी प्रश्न उभा राहिला तो टेबलाचा.

सिस्टर म्हणजे तशी दोन मुलांची आई आणि एका सासूबाईंची सून; पण वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणूनच ओळखायची. तिच्या नवऱ्याला लोक ‘सिस्टरचे मिस्टर’ म्हणत. पाणीपुरवठा खात्यात बसून नकाशे काढणाऱ्या त्या सरळ माणसाला त्यात काही कमीपणा वाटत नसे. उलट कुणी विचारलंच तर, ‘हो, तोच मी,’ असं तो समाधानानं सांगे.

नवं काम असं होतं. कुणाचं इस्पितळात काही बरंवाईट झालं की प्रकरण वकिलाकडे जातं आणि त्याच्यासोबत कागदांचा हा एवढा गठ्ठा जातो. ते कागद वकिलाला कळत नाहीत. डॉक्टरला कळतात, पण त्याला वेळ नसतो. तेव्हा ते वाचून, नक्की काय काय घडलं ते साध्या भाषेत लिहून द्यायचं. एका वकीलबाईंनी पहिली फाईल दिलीही होती: एक आजोबा ऑपरेशननंतर इस्पितळात पलंगावरून उतरताना पडले आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. आजींची तक्रार होती की त्या रात्री त्यांच्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. ड्यूटीवरच्या नर्सचं नाव तक्रारीत पहिल्या ओळीत होतं.

तर ही फाईल पसरायला टेबल हवं होतं.

मिस्टरांनी टेप काढला. ज्या माणसानं उभ्या शहराच्या पाइपलाइनी कागदावर बसवल्या त्याला एक टेबल काय जड आहे, असं वाटत होतं. पण टेबल खिडकीशी लावायचं तर कपाट सरकवावं लागे, कपाट सरकवायचं तर सासूबाईंचा पलंग फिरवावा लागे, आणि पलंग फिरवला की थोरलीच्या अभ्यासाची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात येई. मिस्टरांनी तीन रंगांत नकाशा काढला. शेवटी टेबल आलं तेव्हा घर असं झालं की सासूबाई उशीवरून थेट जिन्यात बघू शकत होत्या. त्यांनी आधी कुरकुर केली, मग कोण कधी येतं-जातं हे कळायला लागल्यावर पलंग हलवायचा नाही असं बजावलं.

आणि सिस्टर टेबलाशी बसली. बसली, आणि खिडकीकडे बघतच राहिली.

तिला तिच्या घरातली दुपार माहीतच नव्हती. इतकी वर्षं दुपारी ती एक तर वॉर्डात असे, नाहीतर रात्रपाळी करून पडदे ओढून झोपलेली. आता समोर बघते तर उन्हाचा एक पट्टा भिंतीवरून सावकाश उतरत होता, फरशीवर येत होता, टेबलाच्या पायाशी येऊन थांबत होता. नळाखालच्या बादलीत थेंब पडत होता. तिला वाटलं, सलाईन चाललंय. पुढचा थेंब कधी पडतो ते बघत बसली. मधेच कुठूनतरी घंटी वाजल्यासारखी झाली म्हणून ती ‘आले आले’ म्हणत उठली, आणि अर्ध्या खोलीत आल्यावर उभी राहिली. हाक कुणीच मारली नव्हती. सासूबाई पलंगावरून तिच्याकडे बघत होत्या.

‘अगं, कुठे निघालीस?’

‘कुठे नाही. बसतेच आहे.’

असं रोज व्हायचं. फाईल उघडली की कागदातून वॉर्ड उभा राही. तापाचा तक्ता बघता बघता तिला त्या आजोबांचं कपाळ दिसे. एकदा तर तिनं पान उलटताना त्यावरची सुरकुती चादर सारखी करावी तशी तळहातानं सारखी केली आणि कागदालाच हळूच विचारलं, ‘बरं वाटतंय ना आता?’ हे काम वेगात होण्यातलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

त्यात शेजार. वरच्या मजल्यावरच्या काकूंना कामाचं स्वरूप समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. ‘म्हणजे तू डॉक्टरांना पकडून देणार?’

‘नाही हो काकू. कागद वाचायचे, एवढंच.’

‘तेच. वाचायचे आणि पकडायचं. चांगलं आहे. माझा गुडघा तेवढा बघ.’

दुसऱ्या दिवशी काकू गुडघ्याचे सगळे जुने फोटो घेऊन आल्या, आणि तिसऱ्या दिवशी पुतणीला घेऊन, कारण पुतणीला घटस्फोट हवा होता आणि सिस्टर आता वकिलीत आहे असं त्यांनी तिला सांगितलं होतं. सिस्टरनं पुतणीचा रक्तदाब तपासून तिला घरी पाठवलं. दुसरं काय करणार?

इस्पितळात निराळंच. तिथली तिची जोडीची सिस्टर, जिच्याबरोबर तिनं निम्मं आयुष्य एका डब्यात जेवून काढलं, ती फोनवर नीट बोलेना. ‘तुझं काय बाई, तू आता आमच्या चुका काढणार,’ एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. मेट्रनबाई तेवढ्या शांत होत्या. ‘महिनाअखेरपर्यंत तुझी जागा भरत नाही,’ म्हणाल्या. ‘मन बदललं तर सरळ गणवेश घालून ये. काही बोलूही नकोस.’

हे बोलणं सिस्टरच्या जिवाला लागून राहिलं. उपकार वाटावा की अपमान, हेच तिला ठरवता येईना.

मग इमारतीचे सेक्रेटरी आले. निवृत्त होऊनही ते रोज पॅन्टमध्ये शर्ट खोचून इमारतीत फेरी मारत. त्यांनी टेबल पाहिलं, टेबलावरची फाईल पाहिली, आणि खेदानं मान हलवली.

‘सिस्टर, राहत्या जागेत व्यवसाय. परवानगी लागेल.’

‘व्यवसाय कसला? मी नुसती वाचत बसते.’

‘वाचून लोकांना देता ना? मग व्यवसाय.’ आणि मग, आपण माणुसकी सोडलेली नाही हे दाखवायला म्हणाले, ‘मी शिफारशीवर सही करतो.’

नगरपालिकेच्या परवाना विभागातला कारकून वाईट माणूस नव्हता. त्याची अडचण अशी की त्याच्याकडे व्यवसायांचे ठरलेले वर्ग होते आणि सिस्टर एकाही वर्गात मावत नव्हती.

‘दवाखाना लिहू?’

‘दवाखाना नाही. मी रोगी तपासत नाही.’

‘वकिली?’

‘मी वकील नाही.’

‘शिकवणी?’

‘नाही.’

कारकुनानं पेन खाली ठेवलं. मागे रांग खोकत होती. ‘आतापर्यंत काय करत होता?’

‘नर्स होते. सर्जिकल वॉर्डला.’

‘म्हणजे हातानं काय करायचात?’

सिस्टरचं लक्ष तेव्हा खिडकीबाहेर होतं. तिथल्या झाडाखाली एक मांजर इतकं निवांत पसरलं होतं की तिला वाटलं, भूल उतरायची आहे अजून. ती भानावर आली आणि जे आधी सुचलं ते बोलली. ‘ड्रेसिंग करायचे. टाके काढायचे.’

‘टाके,’ म्हणत कारकुनाचा चेहरा उजळला. त्यानं काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली. घरी येऊन मिस्टरांनी पावती वाचली. दोनदा वाचली. व्यवसायाचा प्रकार: शिवणकाम, कपडे दुरुस्तीसह.

दुरुस्त करून घ्यायला मिस्टर दुसऱ्या दिवशी स्वतः गेले. वर्ग बदलायचा तर आधीचा परवाना रद्द करावा लागतो, रद्द करायचा तर व्यवसाय बंद करावा लागतो, आणि बंद करायचा तर आधी तो चालू होता याची तपासणी व्हावी लागते, असं ऐकून ते परत आले. तपासणीचा दिवस तेवढा ते नक्की करून आले होते. सेक्रेटरींना कळल्यावर त्यांचा रंगच उडाला. शिफारशीवर त्यांची सही होती, आणि खोट्या कागदावर सही केल्याचा आळ त्यांच्यावर उभ्या आयुष्यात आला नव्हता.

‘मशीन आणू,’ ते म्हणाले. ‘एक दिवसाचा प्रश्न आहे.’

वरच्या काकूंचं पायाचं शिलाई मशीन सेक्रेटरींनी आणि मिस्टरांनी जिन्यातून खाली आणलं. ते ठेवायला टेबल भिंतीकडे गेलं, फाईल कपाटावर गेली, आणि मशीन आलं बरोबर सासूबाईंच्या पलंगासमोर. सासूबाईंनी चाकाला हात लावून बघितला. कितीतरी वर्षांत त्या मशीनवर बसल्या नव्हत्या. पाय पट्टीवर ठेवले, एकदा दाबलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की त्यांना तिथून उठवायची कुणाची हिंमत झाली नाही. संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्या उशांना नवे अभ्रे झाले होते. धाकट्यानं शाळेत जाऊन सांगितल्यामुळे दोन पालक पॅन्टी आखूड करायला देऊन गेले.

इन्स्पेक्टर आला तो ठरलेल्या दुपारी. थकलेला, सभ्य माणूस. त्यानं मशीन बघितलं, उशा बघितल्या, पॅन्टी बघितल्या. ‘धंदा चांगला दिसतोय,’ म्हणाला. सेक्रेटरी दारात उभे राहून घाम पुसत होते. सासूबाईंनी इन्स्पेक्टरकडे खालपासून वरपर्यंत नजर टाकली. ‘कोटाचं अस्तर सुटलंय तुमच्या. काढा.’

‘नको, राहू द्या.’

‘काढा म्हणते ना.’

इन्स्पेक्टर कोट काढून खुर्चीवर बसला, आणि तेवढ्यात एक आजी जिना चढून वर आल्या. हातात एक मोठं पाकीट होतं, क्ष-किरणांच्या फोटोंचं. उरलेले फोटो सिस्टरच्या घरी पोचवा असं वकीलबाईंच्या ऑफिसातून त्यांना कळलं होतं. त्यांनी ते स्वतःच आणले. दारातून त्यांना मशीन दिसलं आणि त्या घोटाळल्या.

‘या,’ सासूबाई दोरा ओवता ओवता म्हणाल्या. ‘काय उसवलंय?’

‘आमचे मिस्टर पडले हो.’

‘मग गुडघ्यावर फाटली असेल.’

‘गुडघा नाही. मांडीचं हाड.’

सासूबाईंचा दोरा सुईबाहेर राहिला. आतून सिस्टर धावत आली. तिनं आजींना धरून टेबलाशी बसवलं, पाणी दिलं, पाकीट घेतलं. आता ‘पोचलं, या तुम्ही,’ एवढं म्हणायला हवं होतं. पण आजी उठेनात. पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या.

‘तुम्ही ते कागद वाचले का?’

‘वाचतेय.’

‘त्या रात्री मी घरी गेले होते,’ आजी म्हणाल्या. ‘सगळे म्हणाले, किती दिवस बसून काढणार, एक रात्र झोप. मी गेले. आणि मला चांगली झोप लागली. इतकी चांगली, की उठले तेव्हा बरं वाटत होतं. मग फोन आला. ते काही सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, पडलो, झालं. ते एकटे होते का हो?’

सिस्टरनं आधी इन्स्पेक्टरकडे बघितलं, मग सेक्रेटरींकडे. मग कुणाकडेच नाही. कपाटावरून फाईल काढायचीही तिला गरज वाटली नाही. भिंतीवरचा उन्हाचा पट्टा बघत, वॉर्डात रोग्याच्या उशाशी बोलायची त्या आवाजात ती सांगू लागली.

‘तुम्ही गेल्यावर ती ड्यूटीवरची मुलगी आली तेव्हा ते जागे होते. पाय गार पडले होते म्हणून तिनं दुसरं पांघरूण दिलं.’

‘त्यांचे पाय नेहमीच गार असतात.’

‘पुन्हा आली तेव्हा डोळा लागला होता. तिनं उठवलं नाही, नुसती नाडी बघितली. नंतर दुखतंय म्हणाले, तेव्हा गोळी दिली. काही लागलं तर घंटी वाजवा म्हणून सांगितलं.’

‘ते नाही वाजवणार,’ आजी म्हणाल्या. ‘घरात मलासुद्धा हाक मारत नाहीत. स्वतःच उठतात.’

‘उजाडायच्या सुमारास स्वतःच उठले. फरशी नुकती पुसली होती. वाळलेली नव्हती. ती मुलगी समोरच्या रोग्याचं सलाईन बदलत होती. आवाज ऐकून आली.’

मशीन थांबलं होतं. खोलीत फक्त बादलीतला थेंब ऐकू येत होता.

‘मग?’

‘मग पुढचं कागदात नाही. पण पडलेल्या माणसाला लगेच उचलत नाहीत आजी. डॉक्टर येईपर्यंत कुणीतरी खाली फरशीवर बसतं. डोकं धरून. मी पुष्कळदा बसलेय.’

आजींनी पेला खाली ठेवला. म्हणाल्या, ‘म्हणजे कुणी ना कुणी येत होतं.’

‘येत होतं.’

इन्स्पेक्टरनं खाकरून कोट मागितला. अस्तर झालं नव्हतं, तरी त्यानं तो तसाच घातला, आणि जिन्यात सेक्रेटरींना हळूच विचारलं, ‘हे शिवणकाम नाही ना?’ सेक्रेटरी म्हणाले, ‘नाही.’ एवढ्या वर्षांत त्यांनी नियमाविरुद्ध दिलेली ती पहिली कबुली. ‘मला तसंच वाटलं,’ म्हणून इन्स्पेक्टर उतरून गेला. परवाना मात्र त्यानं कायम केला, कारण मशीन चालत होतं.

वकीलबाईंचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सिस्टरला बरं वाटलं असतं. सर्जनांची ओरड तिनं आयुष्यभर या कानानं ऐकून त्या कानानं सोडली होती.

‘पक्षकाराशी परस्पर बोलायचं नसतं, हे तुम्हाला शिकवलं असेल.’

‘शिकवलं होतं.’

‘आणि फरशीवर कोण बसलं, डोकं कुणी धरलं, हे कुठल्या पानावर आहे?’

‘कुठल्याच नाही.’

‘मग ते तुम्हाला कसं माहीत?’

ती मुलगी खरंच फरशीवर बसली होती की उभीच राहिली होती, हे सिस्टरला ठाऊक नव्हतं. वकीलबाईंचं म्हणणं रास्तच होतं, म्हणून ते जास्त बोचलं. ‘आजी विचार करतायत,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘त्यांचं ठरलं की तुम्हाला बोलावते. अहवाल घेऊन या. जो काही झाला असेल तो.’

सिस्टरनं त्या संध्याकाळी कपाटातून गणवेश काढला आणि इस्त्री केली. कॉलर, बाह्या, खिशाची कड. थोरली दारातल्या खुर्चीवरून बघत होती.

‘परत जाणार तू?’

‘बघू.’

‘मग टेबल मला मिळेल?’

‘मिळेल.’

थोरलीनं यावर थोडा विचार केला. तिला आनंद झाला असावा, पण तो नीट बसला नसावा, कारण ती पुन्हा पुस्तकात बघायला लागली आणि पान काही उलटलं नाही. धाकट्यानं मात्र जमिनीवर पडल्या पडल्या सरळ विचारलं, ‘म्हणजे तू परत दिवसा झोपणार? आम्ही परत हळू बोलायचं?’

सिस्टरनं इस्त्री उभी केली. या मुलांचं निम्मं लहानपण कुजबुजण्यात गेलं होतं, आणि तिला वाटत होतं की ती मुळातच शांत मुलं आहेत. मिस्टर टेप गुंडाळत होते. म्हणाले, ‘तू सांगशील तसं. टेबल काय, परत हलवता येतं.’ मग जरा वेळानं, ‘पण मला ते तिथेच बरं दिसतं.’

अहवाल तिनं पुरा केला. लिहिता लिहिता तो लांबला. त्यात पांघरूण होतं, नाडी होती, गोळी होती, समोरच्या रोग्याचं सलाईन होतं, ओली फरशी होती. फरशीवर कोण बसलं ते तेवढं नव्हतं.

वकीलबाईंच्या ऑफिसात आजी आधीच येऊन बसल्या होत्या. वकीलबाईंनी अहवाल वाचला. वाचताना मधेच चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नंतर म्हणाल्या, ‘असा अहवाल मी पाहिलेला नाही. आजोबा यात पाचव्या पानापर्यंत झोपलेलेच आहेत.’

‘कमी करून देते,’ सिस्टर म्हणाली.

‘आजी, तुमचं काय ठरलं?’

आजी सरळ बसल्या. ‘त्या मुलीचं नाव काढा.’

‘पूर्ण?’

‘पूर्ण. तिची चूक नाही. फरशीबद्दल विचारा त्यांना. जाग येऊन म्हातारी माणसं उठायच्या वेळेलाच का पुसतात म्हणावं. आणि आमच्या मिस्टरांचे पाय चालते करून द्या म्हणावं. मला बाकी काही नको.’

वकीलबाई थोडा वेळ कागदावर पेन आडवं धरून बसल्या. मग त्यांनी तक्रारीतल्या पहिल्या ओळीवर रेघ मारली. सिस्टरला ती रेघ ओढल्याचा आवाज ऐकू आला. निदान तिला तसं वाटलं. ती मुलगी कुठल्या गल्लीत राहते, आत्ता जागी आहे की रात्रपाळीची झोप काढतेय, आपल्यावर काय येऊन टळलं हे तिला कधी कळेल की नाही, असलं काय काय तिच्या मनात येऊन गेलं.

‘मग केस फरशीची,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘ती जास्त पक्की आहे, खरं सांगायचं तर. सिस्टर, अहवाल पुन्हा लिहा. पांघरूण काढा, फरशी ठेवा.’

‘पांघरूण राहू दे,’ आजी म्हणाल्या.

‘त्याचा केसशी काही संबंध नाही आजी.’

‘नसू दे. राहू दे.’

वकीलबाईंनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनं नजर टेबलावर ठेवली. पक्षकाराशी परस्पर बोलायचं नसतं, आणि परस्पर बघायचंही नसावं. ‘एका ओळीत,’ वकीलबाई शेवटी म्हणाल्या. ‘आणि सोमवारी या. दुसरी एक फाईल आहे. या वेळी ती वाचून केस घ्यावी की नको, ते मला आधी सांगा. मला, बरं का.’

जिना अरुंद होता. आजींनी सिस्टरचा दंड धरला, सिस्टरनं आजींचा, आणि एकमेकींना सांभाळतोय अशा समजुतीनं दोघी सावकाश खाली उतरल्या. रस्त्यावर आल्यावर आजी म्हणाल्या, ‘जा आता. दमला असाल.’

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. सिस्टर दमली नव्हती. हे तिला इतकं नवं होतं की ती तेच तपासत बसली. खांदे, पोटऱ्या, डोळ्यांच्या मागची जागा. कुठेच काही नव्हतं. बाहेर दुकानांवरून ऊन सरकत होतं, लोक पिशव्या घेऊन चालले होते, त्यांतल्या कुणालाही तिच्याकडून काही नको होतं. बरेच थांबे गेल्यावर एक मोठं मैदान लागलं, मग एक तळं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या वाटेवर तळं नाही. बस उलट्या दिशेची होती. ती उठली नाही.

फोन वाजला. थोरली होती. ‘आई, कुठे आहेस?’

तळ्यावर वारा येत होता आणि पाणी एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हळूहळू चुरगळत चाललं होतं.

‘कामावर आहे,’ सिस्टर म्हणाली. ‘थोडा उशीर होईल. तुम्ही खाऊन घ्या.’